निवृत्त ब्रिगेडियर मामांना सल्लागार म्हणून घ्यायचंय: एक वर्षाचा नियम नेमका कसा लागू होतो?

वाळूजकर

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. जवळजवळ सगळं काम दुचाकी-तिचाकीच्या सुट्या भागांचं. ऑटोमध्ये मंदी आली की आमच्या गल्लीतल्या सगळ्या शेडमध्ये एकाच दिवशी शांतता होते, हे इथल्या लोकांना सांगायला नको. म्हणून संरक्षण खात्याच्या कामात शिरायचं बरेच दिवस मनात आहे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, २०१८ पासून आयडेक्स (संरक्षणातल्या नव्या कल्पनांना बळ देणारी सरकारी योजना) आहे, जेमवर (सरकारी खरेदीच्या पोर्टलवर) निविदा दिसतात. ड्रॉइंग आम्हाला वाचता येतं, मायक्रॉनमध्ये काम करता येतं. अडतं ते कागदावर. स्पेसिफिकेशन कुठलं धरायचं, इन्स्पेक्शनला काय काय मागतात, चाचणीचे रिपोर्ट कोणत्या लॅबचे चालतात, या सगळ्यात आमचा गडी कच्चा.

माझे एक मामा (आईचे मामेभाऊ) चार महिन्यांपूर्वी ब्रिगेडियर म्हणून निवृत्त होऊन संभाजीनगरला आले. त्यांना महिन्याच्या फीवर सल्लागार म्हणून घ्यावं असा विचार आहे. माझा सीए म्हणाला, "आधी सरकारची परवानगी लागते का बघा, नाहीतर त्यांच्या पेन्शनला फटका बसेल." मामांना थेट विचारायला संकोच वाटतो. कुणाला नक्की माहीत आहे का?

निलंग्याची लेक

तुमच्या सीएंनी बरोबर सांगितलं. मी खंडपीठात वकिली करते, सेवाविषयक प्रकरणं पाहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निवृत्त होताना कर्नल किंवा त्यावरची रँक असेल (नौदलात कॅप्टन, हवाई दलात ग्रुप कॅप्टन), तर निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत खासगी व्यावसायिक नोकरी धरण्याआधी केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते. पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती. तुमचे मामा ब्रिगेडियर, त्यात निवृत्त होऊन चारच महिने झालेले, म्हणजे सरळसरळ नियमात बसतात.

आता 'नोकरी' म्हणजे काय, इथे बहुतेकांची गफलत होते. लोकांना वाटतं, पगार नाही घेतला, फीचं बिल दिलं की सुटलो. तसं नाही. केंद्राच्या नागरी पेन्शन नियमांत व्याख्या फार रुंद आहे, आणि लष्कराचे नियमही त्याच वळणाचे आहेत. कंपनी, सहकारी संस्था, भागीदारी पेढी किंवा एखादा व्यापारी माणूस, कुणाकडेही कुठल्याही नात्याने काम करणं त्यात येतं. संचालकपद येतं, भागीदारी येते, एजंट म्हणून काम येतं. स्वतंत्रपणे सल्लागार म्हणून बसणंसुद्धा येतं. त्याच्या तीन तऱ्हा सांगितल्या आहेत. एक, त्या विषयातली व्यावसायिक पात्रता नाही आणि सल्ला मात्र सरकारी कामातून मिळालेल्या ज्ञानावर देताय. दोन, पात्रता आहे, पण जुन्या पदामुळे तुमच्या ग्राहकाला इतरांपेक्षा गैरवाजवी फायदा होऊ शकतो. तीन, कामात सरकारी कार्यालयांशी किंवा अधिकाऱ्यांशी संपर्क ठेवावा लागतो.

सरकारच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या कंपनीत जायचं असेल तर ते यात धरत नाहीत. परवानगीशिवाय काम धरलं तर पेन्शन पूर्ण किंवा काही अंशी, ठरावीक काळापुरती रोखण्याचा अधिकार सरकारला आहे. म्हणून संकोच बाजूला ठेवा आणि मामांशी बोला.

जुना जवान

मी आष्टी तालुक्यातला. सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो. आम्हाला असली परवानगी लागत नाही हे बरंय, पण आम्हाला कन्सल्टंट म्हणून विचारायलंय कोण? आमच्याकडच्या हवालदार-नाईकाला पेन्शनवर आलं की बँकेचा किंवा एटीएमचा गार्ड, नाहीतर कारखान्याच्या गेटवर. तीस वर्षं तोफांची देखभाल केलेला माणूस गेटवर रजिस्टर लिहायलाय, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

वाळूजकर, तुम्हाला एक विचारतो. तुमचा माल शेवटी वापरणार कोण? आमचाच जवान. मग ब्रिगेडियर साहेबांना घ्या, पण त्यांच्यासोबत ईएमईचा (लष्कराची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणारी कोअर) एखादा निवृत्त हवालदार किंवा नायब सुभेदारही घ्या. वर्कशॉपमध्ये पार्ट कुठं झिजतो, कुठं बसत नाही, कोणता बोल्ट थंडीत तुटतो, हे त्याला माहीत असतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नावं नोंदवलेली असतात, तिथं जाऊन विचारा.

वाळूजकर

सुभेदार साहेब, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी कल्याण कार्यालयात जातो. मनापासून आभार.

सॅपर

मी इंजिनिअर्स कोअरमधून कर्नल म्हणून निवृत्त झालो. या परवानगीच्या वाटेने स्वतः गेलोय, म्हणून लिहितो.

कर्नल ५४ व्या वर्षी घरी येतो, ब्रिगेडियर ५६, मेजर जनरल ५८, लेफ्टनंट जनरल ६०. म्हणजे हात-पाय-डोकं सगळं धड असताना. डीजीआरकडून (माजी सैनिकांचं पुनर्वसन बघणारं महासंचालनालय) अधिकाऱ्यांसाठी आयआयएममध्ये चोवीस आठवड्यांचा कोर्स असतो, तो करून मी बाहेर आलो तेव्हा रस्ते बांधणाऱ्या दोन कंपन्यांनी विचारलं होतं. त्यातल्या एकीने मी सीमा रस्ते संघटनेत असताना माझ्याच प्रकल्पावर काम केलं होतं. पैसे तिचे जास्त होते. तिथे मी अर्जच केला नाही. परवानगी कदाचित मिळालीही असती, पण ज्यांच्या बिलांवर मी सह्या केल्या त्यांच्याकडून पगार घ्यायचा, हे मला पटलं नाही. दुसऱ्या कंपनीसाठी अर्ज केला, रीतसर परवानगी आली, मग रुजू झालो.

सरकार अर्जात काय बघतं ते समजून घ्या. नोकरीत असताना त्या कंपनीशी तुमचा व्यवहार आला होता का. शेवटच्या तीन वर्षांत तुमच्याकडे अशी संवेदनशील माहिती होती का, जिचा त्या कंपनीच्या धंद्याशी थेट संबंध आहे. देऊ केलेला मोबदला त्या क्षेत्रातल्या दरापेक्षा फारच जास्त आहे का. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. बाजारात ज्या कामाला लाख रुपये मिळतात त्याला कुणी पाच लाख देत असेल, तर वरचे चार लाख कशाचे हे विचारलंच पाहिजे.

वाळूजकर, पहिला प्रश्न मामांना हाच विचारा की शेवटची पोस्टिंग कुठे होती. सगळं त्यावर ठरेल.

गोदाकाठ

मला हा एक वर्षाचा नियम अपुरा वाटतो आणि ते मी स्पष्ट लिहिणार आहे. लष्करी खरेदी वर्षानुवर्षं चालते. आज मागणी तयार झाली तर चाचण्या, किमतीची बोलणी, करार यात पाच-सात वर्षं सहज जातात. त्या फाइलवर बसलेला अधिकारी एक वर्ष घरी बसला आणि मग त्याच स्पर्धेतल्या कंपनीचा सल्लागार झाला, तर फाइल अजून तिथेच असते आणि टेबलापलीकडे त्याचेच कालचे कनिष्ठ बसलेले असतात.

२०१२ मध्ये तेव्हाच्या लष्करप्रमुखांनी जाहीरपणे सांगितलं होतं की सहाशे टाट्रा ट्रकांची खरेदी मंजूर करावी म्हणून एका निवृत्त वरिष्ठ अधिकाऱ्याने आपल्याला १४ कोटींची लाच देऊ केली. त्या अधिकाऱ्याने आरोप नाकारला, प्रकरण सीबीआयकडे गेलं. खरं-खोटं न्यायालयाचं काम. पण असा निरोप घेऊन निवृत्त माणूस थेट प्रमुखांच्या खोलीत पोहोचू शकतो, हे कुणालाच अशक्य वाटलं नाही. मला जास्त टोचलं ते हे.

अमेरिकेत रँकप्रमाणे फरक केलाय. २०१८ च्या संरक्षण कायद्यात तीन आणि चार ताऱ्यांच्या अधिकाऱ्यांना निवृत्तीनंतर दोन वर्षं आणि एक-दोन ताऱ्यांच्यांना एक वर्ष संरक्षण खात्याकडे कुणाची वकिली करायला मनाई आहे. तरीही तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी मोजलं तेव्हा २०१९ मध्ये चौदा मोठ्या शस्त्र कंपन्यांत संरक्षण खात्याचे १,७१८ माजी वरिष्ठ आणि खरेदीशी संबंधित अधिकारी काम करत होते. निदान त्यांनी मोजलं आणि छापलं. आपल्याकडे कुणाला परवानगी दिली, कोणत्या कंपनीसाठी, कुणाला नाकारली, याची यादी दर वर्षी संकेतस्थळावर टाकली तर काय बिघडेल? खरेदीच्या शाखेत असलेल्यांना पाच वर्षांची मनाई असावी, आणि बाकीच्यांना हवं तर सहा महिन्यांची, असं माझं मत आहे.

छावणीतली

गोदाकाठ, तुमचा मुद्दा कळतो, पण जरा आमच्या घरातूनही बघा. माझे यजमान पायदळात होते. लग्नानंतर आम्ही इतक्या ठिकाणी राहिलो की मुलांच्या शाळेचे दाखले एका फाइलमध्ये मावत नाहीत. ५४ व्या वर्षी घरी आले तेव्हा मोठी दुसऱ्या वर्षाला, धाकटा बारावीला, आणि स्वतःचं घर नुकतं बांधायला घेतलेलं. पेन्शन चांगली आहे, नाही म्हणत नाही, पण दोन शिक्षणं आणि घराचा हप्ता त्यात बसत नव्हता. सगळी नोकरी सियाचीन, पूंछ, नागालँड. खरेदीच्या फाइलीचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नाही. त्यांना एका शाळेत प्रशासक म्हणून बोलावलं होतं. खासगी संस्था, म्हणून त्यांनी परवानगीचा अर्ज केला, कागद येईपर्यंत थांबले, आणि तोवर शाळेने दुसरा माणूस नेमला.

शस्त्रखरेदीत बसलेला आणि सीमेवर उभा राहिलेला, दोघांना एकच मोजमाप लावल्यामुळे हे होतं. पाच वर्षांचं म्हणताय ते खरेदीवाल्यांना लावा, आमची हरकत नाही. पण निवृत्त अधिकारी म्हटला की दलाल, असं जे बोललं जातं त्याने जीव दुखतो.

गोदाकाठ

ताई, मी तुमच्या यजमानांसारख्यांना उद्देशून लिहिलं नव्हतं आणि आपण दोघं एकच म्हणतोय असं दिसतं. मोजमाप पोस्टिंगवर असावं, नुसत्या रँकवर नको. मी 'सहा महिने' म्हणालो तेही शाळा-कॉलेजसारख्या ठिकाणी गरजेचं नाही, हे मान्य.

ऊसवाला

विषय निघालाच आहे तर विचारतो. कळंबजवळच्या आमच्या गावात एक कर्नल साहेब परत आलेत, सात-आठ महिने झाले. सोसायटीच्या निवडणुकीत त्यांनी उभं राहावं असा गावाचा आग्रह आहे. चेअरमन झाले तर कर्जवाटपातला घोळ थांबेल अशी लोकांची खात्री आहे. साखर कारखान्यावरूनही त्यांना बोलावणं आहे. यालाही परवानगी लागेल का? पगार तर काही नाही.

निलंग्याची लेक

ऊसवाला, तुमचा प्रश्न आपल्या भागासाठी फार महत्त्वाचा आहे. हो, लागेल असं धरून चाला. नागरी नियमांत खास स्पष्टीकरण आहे: सहकारी संस्थेतली 'नोकरी' म्हणजे अध्यक्ष, चेअरमन, मॅनेजर, सचिव, खजिनदार असं कुठलंही पद, मग ते निवडून आलेलं असो वा नेमणुकीचं. हे लिहिणाऱ्याला सहकारातल्या पदाची ताकद पगारापेक्षा मोठी असते हे पक्कं ठाऊक असणार. कर्नल साहेबांना चार-पाचच महिने उरलेत. निवडणूक त्याआधी असेल तर अर्ज करावा, नंतर असेल तर प्रश्नच मिटतो.

आमदारकी-खासदारकीच्या निवडणुकीला मात्र असा कुठलाही थांबा नाही. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी अर्ज भरता येतो. सोसायटीच्या चेअरमनकीला परवानगी आणि लोकसभेला काहीच नाही, हे मला आजवर नीट पटलेलं नाही.

आणखी एक. नागरी नियमांत अर्ज पोहोचल्यापासून ६० दिवसांत नकार आला नाही तर परवानगी मिळाली असं मानतात. लष्करातल्या मंडळींनी या वाक्यावर विसंबून कामाला लागू नये. लेखी उत्तर हातात आल्याशिवाय करारावर सही नको, हे मी माझ्या प्रत्येक पक्षकाराला सांगते.

मी निलंग्याची, म्हणून एक मनातलं सांगते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी आणि आसपासच्या गावांत जवानांनी ढिगारे उपसले. आमच्या घरातली मोठी माणसं अजून गणवेश दिसला की उठून उभी राहतात. तो विश्वास कुणीतरी मीटिंगच्या खोलीत पुढे करून कंत्राट मिळवतं, तेव्हा मला ते फक्त नियमभंगाचं प्रकरण वाटत नाही.

पूर्णा जंक्शन

आणि परदेशात जायचं असेल तर? माझा मावसभाऊ नौदलातून कमांडर म्हणून बाहेर पडलाय आणि आखातातल्या एका कंपनीची ऑफर आहे. कतारची बातमी वाचल्यापासून मावशीला झोप नाही.

सॅपर

मावशींची काळजी रास्त आहे. कतारमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या नौदलातल्या आठ निवृत्तांना पकडलं. ते सगळे दहरा ग्लोबल नावाच्या खासगी कंपनीत होते आणि ती कंपनी तिथल्या नौदलाला प्रशिक्षण आणि सल्ला द्यायची. आरोप काय ते जाहीर झालंच नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये फाशीची शिक्षा, डिसेंबरमध्ये ती रद्द होऊन कैद, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुटका. सरकारने जीव तोडून प्रयत्न केले म्हणून हे झालं.

कमांडर म्हणजे लेफ्टनंट कर्नलच्या बरोबरीची रँक, त्यामुळे एक वर्षाचा नियम त्याला लागत नाही. पण कंपनी कागदावर खासगी आणि काम परदेशी लष्कराचं, हा फरक करारावर सही करण्याआधी तपासायला हवा. कंपनीचा मालक कोण, शेवटचा ग्राहक कोण, काम पाणबुडी-रडार-संदेशवहन यांच्या जवळपास जातं का. आणि १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा निवृत्तीनंतरही आपल्या मानेवर असतोच, त्याला एक वर्षाची मुदत नाही.

निलंग्याची लेक

त्यात भर: नागरी पेन्शनरांसाठी परदेशी सरकारच्या नोकरीचा नियम वेगळा आहे, तिथे आधी परवानगी लागते आणि 'एक वर्षानंतर मोकळे' अशी सोय नाही. त्या सरकारच्या ताब्यातली संस्था असेल तरी तेच. तुमच्या भावाने ऑफर लेटरची प्रत जोडून नौदलाच्या मुख्यालयाला लेखी विचारावं. रँक नियमात बसत नाही म्हणून गप्प बसू नये.

पूर्णा जंक्शन

धन्यवाद दोघांना. हा धागाच त्याला पाठवतो.

वाळूजकर

मामांशी बोललो. काल संध्याकाळी घरी जाऊन सगळं समोर ठेवलं. त्यांना नियम माहीत होता, मी विचारायची ते वाट बघत होते. सॅपर साहेब, तुमचा पहिला प्रश्न नेमका लागला. मामा आर्मी ऑर्डनन्स कोअरमधले, शेवटची अडीच वर्षं एका मोठ्या आयुध डेपोत. सुट्या भागांच्या मागण्या आणि साठा हेच काम. म्हणजे मला ज्या वस्तू बनवायच्या आहेत त्यातल्या काहींचा दर, पुरवठादार आणि तुटवडा त्यांना तोंडपाठ असणार.

ते म्हणाले, "तू मला कुठला पार्ट कमी पडतोय हे कधी विचारायचं नाहीस. विचारलंस तरी मी सांगणार नाही. पण तुझ्या पोरांना गुणवत्तेचे कागद कसे ठेवायचे ते शिकवीन." मामी तिथेच होत्या, त्या म्हणाल्या वर्षभर थांबलात तर काय होईल. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

आता काय करावं? अर्ज करायचा की आठ महिने थांबायचं?

सॅपर

माझं मत, थांबा. अर्ज करणं चूक नाही, पण शेवटची पोस्टिंग आणि तुमचा धंदा इतके लागून असताना परवानगी मिळाली तरी उद्या तुम्हाला एखादी ऑर्डर लागली की शेजारचा शेडवाला बोट दाखवणारच. आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही दाखवलं असतं. वाळूजमधल्या ज्या पोराचे मामा ब्रिगेडियर नाहीत, त्याचं टेंडर तेवढ्याच निकोप नजरेने उघडलं गेलं पाहिजे.

मधल्या काळात जवानसाहेबांनी सांगितलं तसं ईएमईचा माणूस घ्या.

छावणीतली

मी वेगळं म्हणेन. अर्ज करा, आणि त्यात सगळं उघड लिहा: पोस्टिंग, नातं, तुमच्या शॉपचं काम, फी. नाकारलं तर नाकारलं. परवानगी मागणाऱ्यालाच आधी संशयाने घरी बसवायचं असेल तर मग तो नियम कशासाठी? उघडपणे विचारणाऱ्या माणसाला व्यवस्थेने उत्तर द्यायला हवं. आम्ही थांबलो, आमचं नुकसान झालं, तरी अर्ज केल्याचा मला आजही अभिमान आहे.

गोदाकाठ

या बाबतीत मी ताईंच्या बाजूने. लपवण्यासारखं नसेल तर कागदावर येऊ द्या.

निलंग्याची लेक

दोन्ही मतं प्रामाणिक आहेत. कायद्याच्या बाजूने इतकंच: अर्ज केला तर कामाची व्याप्ती नेमकी लिहा. 'सल्लागार' एवढा एक शब्द लिहून पाठवू नका. गुणवत्ता नोंदी, तपासणीची पूर्वतयारी, कामगार प्रशिक्षण असं लिहा. करारात स्पष्ट कलम घाला की कुठल्याही सरकारी कार्यालयाशी, डेपोशी किंवा अधिकाऱ्याशी ते कंपनीच्या वतीने संपर्क करणार नाहीत. आणि फी ऑर्डरच्या रकमेवर टक्केवारीने कधीच नको. ठरावीक मासिक रक्कम. टक्केवारी आली की ते कमिशन दिसतं, आणि मोठ्या संरक्षण करारांत निविदाधारकाला एजंट आणि कमिशनबद्दल इंटेग्रिटी पॅक्टमध्ये (लाच-दलाली न देण्याच्या करारात) लेखी हमी द्यावी लागते.

वाळूजकर

मामांना तिन्ही मतं वाचून दाखवली. त्यांनी छावणीतली ताईंचं ऐकायचं ठरवलंय: अर्ज करणार, आणि मंजुरीचं पत्र येईपर्यंत माझ्या शेडमध्ये पाऊलही टाकणार नाहीत. चहाला घरी येतील. करारातली दोन्ही कलमं वकीलताईंनी सांगितली तशी घालतोय.

कल्याण कार्यालयातून तीन नावं मिळाली. त्यातले एक पैठणचे, ईएमईतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त, परवा शॉप बघायला आले होते. आमच्या फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलाजवळ बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, गेजचं कॅलिब्रेशन कधी केलं त्याचा कागद दाखवा. कागद होता, पण मुदत संपलेला. एक तारखेपासून ते रुजू होतायत.

एक शेवटचं: मामांच्या फीवर टीडीएस किती?

निलंग्याची लेक

व्यावसायिक फी म्हणून १० टक्के, पण वर्षाची रक्कम किती होते ते बघून सीएंना विचारा. नायब सुभेदार साहेब पगारावर असतील तर त्यांचा हिशोब वेगळा लागेल.

जुना जवान

पैठणच्या साहेबांना आमचा जय हिंद सांगा.